प्राणशक्ती हवी की अख्खा माणूस? श्टालपासून गोल्डश्टाइनपर्यंत आधी कोणाला वाचावं

‘शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं’ या कल्पनेचं मूळ कुठे वाचायचं, हा प्रश्न साधारण तीन प्रकारची माणसं विचारतात. बीएचएमएसचा (होमिओपॅथीच्या पदवीचा) विद्यार्थी, निसर्गोपचाराकडे वळलेला गृहस्थ आणि विज्ञानाच्या इतिहासाचा शौकीन. तिघांना एकच पुस्तक हातात दिलं तर दोघं तरी ते अर्ध्यात टाकतात. म्हणून आधी एक भेद पक्का करून घ्या. व्हायटॅलिझम म्हणतो की जिवंत शरीरात रसायन आणि यंत्र यांपलीकडचं एक वेगळं तत्त्व काम करतं. होलिझमला असं वेगळं तत्त्व लागत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की भाग सुटे करून पाहिले तर अख्खं शरीर कळत नाही. बाजारात ‘होलिस्टिक’ची पाटी लावून बहुतेक वेळा पहिलंच विकलं जातं.

आमचा कौल आधीच सांगतो. होमिओपॅथी शिकत असाल तर हानेमानला पर्याय नाही, पण कुठली आवृत्ती हे पाहून घ्या. कटिस्नान आणि मातीच्या पट्ट्या करत असाल तर कूने. ‘यामागे कधी खरा प्रयोग होता का’ असं विचारणाऱ्याने थेट ड्रीशकडे जावं. घरी किंवा दवाखान्यात रोज रुग्ण सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त देईल तो गोल्डश्टाइन. श्टाल आणि बिशा ज्यांना वादाची हौस आहे त्यांच्यासाठी.

गेओर्ग अर्न्स्ट श्टाल (१६५९–१७३४) हा हाले विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक, पुढे प्रशियाच्या राजाचा वैद्य. त्याचा प्रश्न आजही ताजा वाटतो. मेलेलं मांस दोन दिवसांत सडतं, मग त्याच द्रव्याचं जिवंत शरीर सत्तर वर्षं का सडत नाही? त्याचं उत्तर, आत्मा. आत्माच रक्त फिरवतो, घाम काढतो, ताप आणतो आणि नासणं रोखून धरतो. १७०८च्या ग्रंथात त्याने हे सविस्तर मांडलं. ताप हा आत्म्याचा उपचार ठरला की तो उतरवणं म्हणजे उपचारात अडथळा आणणं. त्यामुळे सिंकोनाची साल (जिच्यातून क्विनाइन मिळतं) आणि अफू या दोन्हींना त्याचा विरोध होता. तेव्हाच्या युरोपात हिवतापावर खरा गुण देणारी गोष्ट सिंकोनाच होती, हे लक्षात घेतलं की नुसत्या तत्त्वज्ञानाची किंमत रुग्ण कशी मोजतो ते कळतं. तत्त्वज्ञ लायब्निझने त्याच्याशी घातलेला वाद वाचनीय आहे. मूळ लॅटिन मात्र जाड आणि गुंतागुंतीचं, त्यामुळे इंग्रजी भाषांतरात तो वाद तेवढा वाचा आणि पुढे चला. एक गंमत: श्टालचं फ्लॉजिस्टन (जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं मानलेलं द्रव्य) रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ज्या वायूच्या जोरावर मोडीत काढलं, त्यालाच मराठीने नाव दिलं प्राणवायू.

झाव्हिए बिशा (१७७१–१८०२) वेगळ्या जातीचा. शवविच्छेदनाच्या टेबलावर दिवसरात्र काढणारा, जेमतेम तिशीत गेलेला. मृत्यूला रोखून धरणाऱ्या सगळ्या क्रियांची बेरीज म्हणजे जीवन, ही व्याख्या त्याची, १८०० सालची. एका आत्म्याऐवजी त्याने प्रत्येक ऊतीला तिचे स्वतःचे जैव गुण दिले, संवेदन आणि आकुंचन. सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता २१ ऊती वेगळ्या ओळखल्या. प्राणतत्त्व मानणारा माणूस उत्तम शरीरशास्त्रज्ञ असू शकतो, एवढं दाखवायला बिशा पुरेसा आहे. उपचाराचं मार्गदर्शन त्याच्याकडे शोधू नका.

आता हानेमान (१७५५–१८४३). इथे घाई करून चालत नाही.

१७९० साली तो स्कॉटिश वैद्य कलनचं औषधीशास्त्र जर्मनमध्ये आणत होता. सिंकोना कडू आणि तुरट असल्यामुळे पोटाला बळ देऊन ताप घालवते, हे कलनचं म्हणणं त्याला पटलं नाही. त्याने स्वतः चार-चार ड्रॅम (हे जुनं वजनाचं माप) साल दिवसातून दोनदा, अशी काही दिवस घेतली. पाय आणि बोटं गार पडली, गुंगी आली, छाती धडधडली. वर्गात हे ‘त्याला मलेरिया झाला’ असं सांगितलं जातं, ते चूक आहे. हिवतापाची खरी हुडहुडी भरली नाही, असं त्याने स्वतःच नोंदवलंय. शिवाय ही एका माणसावरची चाचणी, तीही तपासायची कल्पना डोक्यात ठेवून केलेली. समचिकित्सेचं, म्हणजे सारख्यानेच सारखं बरं होतं हे तत्त्व त्याने १७९६च्या निबंधात मांडलं आणि ‘ऑर्गनन’ या त्याच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० साली आली.

निवड करताना बहुतेकांची चूक इथेच होते. ‘ऑर्गनन’ म्हणजे एक ग्रंथ नाही, सहा आहेत: १८१०, १८१९, १८२४, १८२९, १८३३ आणि सहावी, जी त्याने १८४२ साली पुरी केली पण छापली गेली १९२१मध्ये. पहिल्या आवृत्तीचा हानेमान निरीक्षणावर भर देणारा, शक्तीबद्दल फार न बोलणारा. ज्या जीवनशक्तीसाठी त्याचं नाव घेतात ती ठळकपणे पुढे येते पाचव्या आवृत्तीत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. सहाव्यात बऱ्याच ठिकाणी ‘शक्ती’च्या जागी ‘तत्त्व’ हा शब्द आला. पाचव्यात सूत्रं २९४, सहाव्यात २९१. म्हणजे सूत्र क्रमांक सांगताना आवृत्ती सांगितली नाही तर शेवटाकडचे संदर्भ जुळत नाहीत. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या प्रतीत डजन (Dudgeon) या भाषांतरकाराचं पाचव्या आवृत्तीचं इंग्रजी रूप आणि बोरिकने आणलेल्या सहाव्या आवृत्तीतल्या भरी एकत्र बांधलेल्या असतात. पेन्सिलीने दोन्ही वेगळ्या खुणा करत वाचा, नाहीतर मात्रा पुन्हा कधी द्यायची हे सांगणारी सूत्रं २४६ ते २४८ एकमेकांशी भांडताना दिसतील. तिथे त्याने आपलं मत खरोखरच बदललं होतं.

वाचायचा क्रम असा ठेवा: सूत्र ९ ते १६ जीवनशक्तीसाठी, ८३ ते १०४ रुग्णाची हकीकत कशी घ्यावी यासाठी, मग सहाव्या आवृत्तीतलं २७०. हकीकतीचा भाग कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरने वाचावा इतका चांगला आहे. रुग्णाला मध्ये तोडू नका, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका, प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर लिहा म्हणजे नंतर तिच्यापुढे भर घालता येते.

सूत्र २७० हे पाककृतीसारखं आहे. मूळ द्रव्य दुधाच्या साखरेत तीन टप्प्यांनी खलायचं. त्या भुकटीचा एक ग्रेन, एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी अशा मिश्रणाच्या ५०० थेंबांत विरघळवायचा. त्यातला एक थेंब अल्कोहोलच्या १०० थेंबांत टाकून कुपीला १०० जोरदार झटके द्यायचे. मग त्याने बारीक गोळ्या भिजवायच्या, एका थेंबात सुमारे ५०० गोळ्या भिजतात. पुढच्या पायरीला त्यातली एकच गोळी घ्यायची, म्हणून ५०० गुणिले १०० म्हणजे दर पायरीला ५० हजार पट विरलन. नेहमीच्या शंभरपटीच्या पद्धतीत बाराव्या पायरीला विरलन १०चा २४वा घात होतं आणि तिसाव्या पायरीला १०चा ६०वा. एका मोलमध्ये (द्रव्य मोजायचं रसायनातलं एकक) रेणू असतात सुमारे ६.०२ गुणिले १०चा २३वा घात. म्हणजे बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू बाटलीत असण्याची शक्यता झपाट्याने शून्याकडे जाते. हानेमानला हा आकडा माहीत असणं शक्य नव्हतं, लोश्मिटने रेणूंच्या आकाराचा पहिला अंदाज दिला तो १८६५ साली. आपल्याला तो माहीत आहे. जीवनशक्तीची कल्पना त्याच्या पद्धतीला का लागते तेही इथेच दिसतं: औषधात द्रव्य उरत नसेल, तर त्याने ज्याच्यावर काम करायचं तेही द्रव्य नसलेलंच हवं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली पुरावा तपासला तेव्हा एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. ‘ऑर्गनन’ वाचताना हे शेजारी ठेवूनच वाचा.

लुइस कूने (१८३५–१९०१) वाचायला सगळ्यात सोपा आणि म्हणूनच जपून वाचायचा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ साली, कूनेने लाइपझिगला उपचारगृह उघडलं १८८३ साली, आणि सांगितलं की रोग एकच, कारण एकच: पोटात साठलेलं विजातीय द्रव्य. ते आंबतं, वर चढतं, उष्णता होते, तोच ताप. चेहरा आणि मान पाहून ते कुठे साठलंय हे ओळखायचं. उपाय म्हणजे कटिस्नान: टबात असं बसायचं की पाणी बेंबीपर्यंत येईल, पाय आणि धड बाहेर कोरडे राहतील, आणि ओटीपोट खरखरीत फडक्याने चोळत राहायचं. गांधीजींनी १९४२मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलं, त्यात कूनेचं हे स्नान आहे, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं केंद्र सुरू केलं. कटिस्नानाने बरं वाटतं, यात वाद नाही. वाद ‘एकच कारण’ याच्याशी आहे. स्कर्व्हीत काही साठलेलं नसतं, जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनच नसतं. तिथे उपास आणि टब यांच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.

शास्त्रीय पुरावा हवा असणाऱ्यांना बहुधा सांगितलं जातं की रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ साली, फक्त जिवंत शरीरातच बनतो असं मानलेला युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि प्राणतत्त्वाचा निकाल लागला. तसं झालं असतं तर जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ हान्स ड्रीश (१८६७–१९४१) झालाच नसता. विल्हेल्म रूने १८८८ साली बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली, उरलेलीतून अर्धाच भ्रूण वाढला. शरीर यंत्र आहे, हे सिद्ध झाल्यासारखं वाटलं. ड्रीशने १८९१ साली त्रिएस्तला सागरी साळूची (सी-अर्चिनची) दोन पेशींची अवस्था घेतली आणि काचेच्या छोट्या नळीत काही मिनिटं जोरजोराने हलवून पेशी सुट्या केल्या. अर्ध्या अळीची अपेक्षा होती. मिळाली पूर्ण अळी, आकाराने लहान. यंत्र मधोमध कापलं तर दोन छोटी यंत्रं मिळत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद. काही वर्षांनी त्याने अ‍ॅरिस्टॉटलचा ‘एंटेलेकी’ (वाढीला पूर्ण रूपाकडे नेणारं आतलं तत्त्व) हा शब्द उचलला आणि अ‍ॅबर्डीनच्या १९०७–०८च्या व्याख्यानांत ते सगळं मांडलं.

ड्रीश वाचण्यासारखा आहे कारण त्याचं चुकणंही शिकवतं. रूच्या भ्रूणाला मेलेली पेशी चिकटलेलीच होती, ड्रीशने पेशी पूर्ण सुट्या केल्या, म्हणून निकाल वेगळे. आठ पेशींच्या अवस्थेत वरचा आणि खालचा भाग वेगळा केला तर पूर्ण अळी मिळत नाही, म्हणजे ‘कुठल्याही तुकड्यात अख्खं’ हेही खरं नाही. आणि १९२४मध्ये श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी भ्रूणातला एक तुकडा शेजारच्या पेशींना वळण लावतो हे दाखवलं, तेव्हा एंटेलेकीकडे सोपवलेलं काम पेशींमधल्या संदेशांकडे जायला लागलं. उपचाराबद्दल ड्रीश काही सांगत नाही, पण पुरावा कशाला म्हणायचं हे त्याच्याइतकं चांगलं या यादीत कोणी शिकवत नाही.

यान स्मट्स फक्त एका शब्दापुरता. ‘होलिझम’ त्याने १९२६च्या पुस्तकात घडवला. गांधीजींनी तुरुंगात बनवलेल्या चपला ज्याला दिल्या तोच हा दक्षिण आफ्रिकेचा नेता. पुस्तकात उपचार जवळजवळ नाहीत, आणि ‘अख्ख्या’चा हा पुरस्कर्ता राजकारणात गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या बाजूचा होता.

त्यापेक्षा मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डश्टाइन वाचा. पहिल्या महायुद्धात मेंदूला मार लागलेले सैनिक त्याच्याकडे फ्रँकफुर्टला होते. त्याला दिसलं की एखाद्या रुग्णाला न झेपणारं साधं गणित दिलं की तो नुसता चुकत नाही, पांढराफटक पडतो, चिडतो, थरथरतो, मग झेपणारी कामंही त्याला जमेनात. तोच माणूस आपलं कपाट मात्र कमालीचं टापटीप ठेवतो. गोल्डश्टाइन म्हणतो, ही टापटीप लक्षण नाही, तोडगा आहे: जग लहान करून घेतलं की सांभाळता येतं. मग ती मोडून काढायला जाऊ नये. पक्षाघाताचा रुग्ण घरी असेल तर हे एक निरीक्षण महिनाभराची चिडचिड वाचवतं. त्याचं मुख्य पुस्तक १९३४चं, परागंदा होऊन अ‍ॅम्स्टरडॅमला असताना लिहिलेलं. प्राणशक्ती त्यात कुठेच लागत नाही.

मराठी वाचकाने एक घोटाळा टाळावा. हानेमानची जीवनशक्ती आणि आयुर्वेदातला प्राण एकच, असं सर्रास लिहिलं जातं. चरकाची आयुष्याची व्याख्या ‘शरीरेन्द्रियसत्त्वात्मसंयोगः’ अशी सुरू होते, म्हणजे शरीर, इंद्रियं, मन आणि आत्मा यांचा संयोग. ती संयोगाची व्याख्या आहे, आतून हुकूम सोडणाऱ्या एका शक्तीची नाही. शेजारी बसवायचंच झालं तर चरकाला हानेमानपेक्षा गोल्डश्टाइनजवळ बसवणं आम्हाला सोयीचं वाटतं, आत्मा तेवढा बाजूला ठेवून.

हातात दोनच महिने असतील तर पहिला महिना ‘ऑर्गनन’च्या वर सांगितलेल्या सूत्रांना द्या आणि दुसरा ड्रीशच्या व्याख्यानांच्या पहिल्या भागाला, जिथे प्रयोग आहेत. दुसऱ्या भागात तत्त्वज्ञान सुरू झालं की पुस्तक मिटलं तरी चालेल.