एमसीआर चप्पल घ्यावी का? घ्यावी, पण आधी चिमटीत दाबून पाहावी

टाच दुखायला लागली की लातूर असो, नांदेड असो की परभणी, पहिला सल्ला एकच मिळतो: "एमसीआर घ्या." सल्ला चुकीचा नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, चार पावलं चालल्यावर ती कमी होत असेल आणि दिवसभर उभं राहून संध्याकाळी पुन्हा ठणकत असेल, तर या चपलेइतकी स्वस्त आणि कामाची वस्तू दुसरी नाही. अडचण आहे ती एमसीआर म्हणून जे विकलं जातं त्याची. मेडिकलच्या काउंटरवर, लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारात, आठवडी बाजारात 'डॉक्टर चप्पल' किंवा 'ऑर्थो चप्पल' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच जोडांत एमसीआर नावालाही नसतं.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, हवेचे बारीक बंद कप्पे असलेलं रबर. तमिळनाडूत वेल्लूर आणि करिगिरी इथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केलं, त्यातून ही पादत्राणं पुढे आली. बधिर तळव्याला एकाच जागी दाब बसत राहिला की जखम होते. तो दाब सगळ्या तळव्यावर पसरवणं हे या रबराचं काम. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात आजही बधिर पाय असलेल्या रुग्णांना एमसीआरची पादत्राणं मोफत मिळतात. टाचदुखीच्या बाजारात ती नंतर आली.

दुकानात तपासायची पद्धतही कुष्ठरोगाच्या कामातलीच आहे. चपलेची वरची गादी कडेने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून जोरात दाबा. खरं एमसीआर निम्म्या जाडीपर्यंत दबतं आणि बोट काढताच परत फुगतं. दाबल्यावर दोन्ही बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर तो मऊ फोम आहे. दुकानात घालून पाहताना तो फार सुखाचा वाटतो, पण साठ-सत्तर किलोचा भार महिनाभर पडला की टाचेखाली चपटा होतो आणि पाय पुन्हा कडक तळावर आदळतो. दाबलंच जात नसेल तर ते साधं रबर. चांगल्या एमसीआरचा कडकपणा शोअर मापावर १५ ते २० अंशांच्या आसपास असतो, पण तो आकडा चपलेवर छापलेला मिळत नाही, म्हणून चिमूट. रंगावर जाऊ नका, काळा फोमही सर्रास येतो. वजनावरून थोडा अंदाज येतो: फोमचा जोड हातात हलका लागतो, एमसीआरचा भारी.

गादी साधारण १० मिलिमीटर जाड हवी आणि तिच्याखाली वेगळा, टणक तळ हवा. आपल्याकडे हा तळ फार महत्त्वाचा. नुसत्या मऊ रबरातून बाभळीचा काटा आरपार जातो, आणि कापूस वेचताना किंवा बांधावरून जाताना तो कुठे असेल सांगता येत नाही. तळ शिवलेला किंवा चिकटवलेला असावा, खिळे ठोकलेला नको. नुसत्या चिकटवलेल्या जोडाला मे महिन्यात जपावं लागतं. दारात उन्हात ठेवला की गोंद सुटतो आणि गादी टोकाकडून उचलते. काळ्या मातीच्या चिखलात तर ही चप्पल घालूच नये, एकेका पायाला ढेकूळ चिकटून ती जड होते आणि पट्टे उसवतात.

मापात बायकांची हमखास चूक होते. पाय नाजूक दिसावा म्हणून एक नंबर लहान चप्पल घेतात आणि टाच मागे अर्धा इंच लोंबत राहते. दुखरी जागा टाचेच्या तळाशी, थोडी आतल्या बाजूला असते. टाच मागे सरकलेली असली की चपलेची मागची कड तिच्या जवळच रुतते, आणि गादी रिकाम्या जागेखाली राहते. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून पाहा: टाच पूर्ण गादीवर, सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटीमीटर जागा. अंगठ्याच्या कड्याची किंवा दोन बोटांमध्ये पट्टी जाणारी चप्पल मधुमेह असलेल्यांनी टाळावी, तिथे घासून फोड येतो आणि तो कळतही नाही. पाय बधिर असेल तर मागचा पट्टा असलेलीच घ्यावी. पट्टा नसलेली चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि ती निसटली तरी बधिर पायाला समजत नाही.

टाचदुखीच्या गाद्यांवर जो अभ्यास झाला आहे तो वाचला की खिशाचा बराच भार हलका होतो. १९९९ साली अमेरिकेत १५ केंद्रांवर २३६ रुग्णांचे पाच गट केले होते. सगळ्यांना पायाचे ताण (स्ट्रेचिंग) दिले, चार गटांना त्यासोबत वेगवेगळ्या गाद्या दिल्या. आठ आठवड्यांनी सिलिकॉनच्या तयार गादीवाल्यांपैकी ९५ टक्के, रबरवाल्यांपैकी ८८ टक्के, नमद्याच्या गादीवाल्यांपैकी ८१ टक्के लोकांना बरं वाटत होतं. नुसते ताण करणाऱ्यांत ७२ टक्के. पायाचा साचा घेऊन खास बनवलेल्या महागड्या इनसोलवाल्यांत सर्वांत कमी, ६८ टक्के. म्हणजे संगणकावर पाय मोजून काही हजारांचा इनसोल सुचवला गेला तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तो घ्यायचं कारण नाही. बंद बूट घालणाऱ्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला बुटात टाचेखाली ठेवायचा सिलिकॉनचा हील कप पुरतो. तो दोन्ही पायांत घालावा, एकाच पायात घातला की उंची फरकाने कंबर धरते. उघडी चप्पल घालणाऱ्या बाईच्या पायाखाली कप सरकत राहतो, तिला एमसीआर बरी.

चप्पल दाब कमी करते, पण तळव्याची जी पट्टी टाचेपासून बोटांपर्यंत जाते आणि दुखते, ती चपलेने सुधारत नाही. त्यासाठी ताण हवेत. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. बोटांच्या मुळाशी धरून बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, पट्टी दोरीसारखी ताठ लागली पाहिजे. ती ताठ लागत नसेल तर ताण पडतच नाही. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा ताण, नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा आठ आठवड्यांत जास्त उपयोगी ठरला. बहुतेक जणी तो चहा झाल्यावर करतात, तोवर पहिल्या पावलाची कळ येऊन गेलेली असते.

दुखणं जुनं असेल तर डेन्मार्कमधल्या २०१५ सालच्या अभ्यासातला व्यायाम त्यात जोडावा. पायरीवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवायचा म्हणजे बोटं वर वळतात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा-बारा वेळा तीन खेपा, दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत वजन घेऊन दहा-दहाच्या चार खेपा. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारा गट ताणवाल्यांपेक्षा बराच पुढे होता, वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. उंबऱ्यावर उभं राहणं आपल्याकडे कुणी करणार नाही, ओट्याची पायरी वापरा आणि भिंतीला हात टेका.

एक्स-रेत "हाड वाढलंय" असं सांगितलं की बायका घाबरतात. असं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत दिसतं. त्यावरून ऑपरेशनचा विचार करू नये. स्टेरॉइडचं इंजेक्शन महिनाभर बरं वाटायला लावतं. पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि पट्टी तुटण्याचा धोका वाढतो.

घरात चप्पल घालायची नाही ही आपली रीत, आणि शहाबादी फरशीवर अनवाणी चार तास स्वयंपाक ही टाचेची खरी परीक्षा. बाहेर कधीच न नेलेला एक जोड घरासाठी ठेवला तर सासूबाईही सहसा हरकत घेत नाहीत. देवघर-स्वयंपाकघरात तोही चालत नसेल तर ओट्यापुढे जाड रबरी मॅट अंथरावी. नुसती सतरंजी पातळ पडते, दाबून फरशी लागते.

आता ही चप्पल कुठे पुरत नाही ते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि कळ आली, तर दुखणं तळव्याच्या पट्टीचं नसून हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. पहिले दोन आठवडे एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. हे मराठवाड्यात जास्त गांभीर्याने घ्यावं लागतं. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलेलं असलं तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अशा बाईने डोक्यावर मोळी घेऊन चालताना टाच धरली, तर तिला चप्पल देऊन परत कोयत्यावर पाठवणं धोक्याचं आहे. आधी हाडं तपासली पाहिजेत.

रात्री झोपेत दुखणं, टाच गरम-लाल होणं, ताप, दिवसेंदिवस वाढणारी गाठ, यातलं काहीही असेल तर दुकानात न जाता डॉक्टरकडे. तळव्याच्या कमानीत पट्टीला चिकटलेली टणक गाठ बहुधा साधी असते, ती काढली तरी पुन्हा येते, म्हणून दुखत नसेल तर काढायची घाई करत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये खडा असल्यासारखं टोचतं ते बऱ्याचदा जाड झालेल्या नसेचं असतं. तो कर्करोग नाही, बायकांत अधिक दिसतो आणि निमुळत्या सँडलने वाढतो. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नये: तळव्यावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, न भरणारं क्षत. गोऱ्या लोकांत मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, उन्हाच्या जागी होतो, आपल्याकडे तो तळपायावर आणि नखाखाली जास्त सापडतो. त्याला कुरूप किंवा काटा समजून ब्लेडने खरवडतात आणि महिने जातात.

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या बायकांसाठी ही चप्पल विकत आणणारे नातेवाईक अनेक असतात. त्यांच्या पायदुखीची कारणं निराळी. पाळी गेलेल्या बायकांना पाच वर्षं किंवा जास्त चालणाऱ्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोलच्या गोळ्यांनी जवळपास निम्म्या जणींचे सांधे दुखतात, त्यात पावलांचेही. दुखतं म्हणून गोळी बंद केली की रोग उलटण्याचा धोका वाढतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १२१ बायकांच्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम आणि आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं यांनी वर्षभरात दुखणं सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालं. त्या चालण्यासाठी एमसीआर जोड चांगला आहे, पण आराम चालण्याने पडतो, रबराने नाही.

पॅक्लिटॅक्सेलच्या केमोने पाय भगभगतात, मुंग्या येतात, बधिर होतात. जपानमधल्या २०१८ सालच्या अभ्यासात इंजेक्शन सुरू असताना बायकांच्या एका बाजूच्या हातापायाला गोठवलेले हातमोजे-मोजे घातले, दुसरी बाजू तशीच ठेवली. स्पर्श मंदावलेले पाय गोठवलेल्या बाजूला २५ टक्के, दुसऱ्या बाजूला जवळपास ६४ टक्के. हे केमो देणाऱ्या केंद्राला आधी विचारून, त्यांच्या देखरेखीतच करावं, घरी बर्फ बांधून नाही, कातडी जळते. बधिरपणा आल्यावर मागच्या पट्ट्याची चप्पल, आणि घालण्याआधी हात फिरवून आत खडा-काटा नाही हे रोज पाहणं.

केमोच्याच कॅपेसिटाबिन गोळ्यांनी तळहात-तळवे लाल होऊन सोलतात. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून दोनदा हातांना १ टक्का डायक्लोफेनॅक जेल लावलेल्यांत मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्क्यांना झाला, औषध नसलेलं जेल लावलेल्यांत १५ टक्क्यांना. जेल सुरू करण्याआधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा. चप्पल या काळात सैल हवी, तळवे घासले तर साल लवकर निघते. नव्या, कडक पट्ट्याचा एमसीआर जोड तेव्हा काढून ठेवावा, जुना, मऊ झालेला बरा.

साधारण ४०० ते ८०० रुपयांत बरा जोड येतो, सिलिकॉनचे कप त्याच्या निम्म्याच्या आसपास. रोज घातली तर काही महिन्यांनी तीच चिमूट टाचेखालच्या भागावर घ्या आणि बोटांकडच्या भागाशी ताडून पाहा. टाचेकडे गादी परत फुगत नसेल तर वरून चप्पल धडधाकट दिसत असली तरी बदला. बदलताना दोन्ही पायांच्या झिजेकडे पाहा. एकीकडे कड जास्त घासलेली असेल तर चप्पल उलट-सुलट फिरवून न वापरता पायाची चाल दाखवून घ्या. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. तिथे जाताना जुनी चप्पल पिशवीत बरोबर न्या.