स्टेडी स्टेट की डायनॅमिक, प्लांट डिझाइनला नेमकं काय घ्यावं?

सिम्युलेटरमध्ये प्लांटची स्टेडी स्टेट फ्लोशीट (वेळेनुसार काहीच बदलत नाही असं धरलेलं मॉडेल) कन्व्हर्ज झाली, म्हणजे हिशोब जुळला, आता डायनॅमिक मॉडेल (वेळेनुसार काय बदलतं ते दाखवणारं) करायचं का, हा प्रश्न बहुतेक प्रोजेक्टमध्ये फार उशिरा निघतो, इक्विपमेंटची ऑर्डर गेल्यावर. खरंतर तो आधीच सोडवता येतो, फक्त आपल्याला उत्तर कशाचं हवंय ते ठरवायला पाहिजे.

हीट आणि मटेरियल बॅलन्स, डिस्टिलेशन कॉलमला ट्रे किती, एक्स्चेंजरचा एरिया, युटिलिटी किती लागेल हे सगळं स्टेडी स्टेटमध्येच काढा. डायनॅमिकमध्ये काढायला गेलात तर नुसता वेळ जाणार. फीड एका बाजूने आत, प्रॉडक्ट दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये रिसायकल नाही, रिॲक्शन थंड डोक्याची, असा प्लांट असेल तर बहुतेक वेळा इथेच थांबलात तरी चालेल.

अडचण अशी की स्टेडी स्टेटमध्ये आपण टॉप प्रॉडक्टची प्युरिटी स्पेक म्हणून टाकतो आणि सॉल्व्हर रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडायचं लिक्विड) शोधून देतो, म्हणजे परफेक्ट कंट्रोलर फुकटात बसवल्यासारखंच झालं, खऱ्या प्लांटमध्ये ॲनालायझरचा आकडा उशिरा येतो, व्हॉल्व्ह चिकटतो आणि तोपर्यंत कॉलम भलतीकडेच गेलेला असतो.

सगळ्यात फसवी केस एक्झोथर्मिक सीएसटीआरची, म्हणजे उष्णता सोडणारी रिॲक्शन चालणाऱ्या, सतत ढवळल्या जाणाऱ्या टाकीची. त्याला तीन स्टेडी स्टेट असू शकतात, त्यातली मधली अस्थिर, आणि सॉल्व्हर त्याच मधल्या पॉइंटवर निवांत कन्व्हर्ज होऊन बसू शकतो, एक वॉर्निंग देत नाही (आपण पण खूश, कारण कन्व्हर्जन नेमकं हवं तेवढं दिसतंय). तेच डायनॅमिकमध्ये कंट्रोलरशिवाय चालवा, टेम्परेचर जरासं हललं की एकतर रिॲक्शन विझते नाहीतर टेम्परेचर वर पळतं. रिॲक्टरच्या गरम आउटलेटने फीड तापवणारा एक्स्चेंजर असेल तर तोही असाच, उष्णता फिरून परत रिॲक्टरमध्ये येते आणि लूप डोलायला लागतो, एनर्जी वाचवलेली कागदावर छान दिसते पण बायपास लाइन ठेवली नाही तर ऑपरेटर शिव्या देणार.

रिसायकलचं मात्र थोडं वेगळंय. फीड थोडं वाढवलं की रिसायकल फ्लो भरमसाट वाढतो, प्रोसेस कंट्रोलवाल्या ल्युबेनने ज्याला स्नोबॉल म्हटलं ते, हे स्टेडी स्टेटच्या केस स्टडीतही दिसतं. ते व्हायला किती वेळ लागेल आणि मधल्या ड्रमची लेव्हल तोपर्यंत कुठे जाईल, ते विचारायचं असेल तरच डायनॅमिक.

कॉम्प्रेसर सर्ज (फ्लो कमी पडून गॅस उलटा फिरणं), स्टार्टअप, ट्रिप, रिलीफ लोड (प्रेशर वाढल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हमधून सोडावा लागणारा फ्लो) यांना डायनॅमिकच. कूलिंग गेल्यावर कॉलममधून किती व्हेपर सुटेल त्याचा हाताने काढलेला आकडा बऱ्याचदा जास्तच येतो आणि फ्लेअर हेडर (सुटलेला गॅस जाळायला नेणारी मुख्य पाइप) त्यावर साइझ होतो. एपीआय ५२१ या प्रेशर रिलीफच्या स्टँडर्डमध्ये यासाठी डायनॅमिक सिम्युलेशनला मान्यता आहे, जुन्या फ्लेअरवर नवीन युनिट जोडायचं असेल तर इथे खर्च वसूल होतो.

बदल्यात डेटा किती लागतो तेही बघा. व्हेसलचे व्यास, ट्रेवरच्या वेअरची (लिक्विड अडवणाऱ्या पट्टीची) उंची, व्हॉल्व्हचा सीव्ही (त्यातून किती फ्लो जाऊ शकतो तो आकडा), पंपाचा कर्व्ह, कंट्रोलरचं ट्यूनिंग. डिझाइनच्या सुरुवातीला यातलं अर्धं नसतंच, तेव्हा अर्धा भरलेला असताना ५ मिनिटांचा होल्डअप (५ मिनिटांच्या फ्लोएवढं लिक्विड आत) धरून ड्रम साइझ करा, कंट्रोल स्कीम तपासायला तेवढं पुरतं.

डायनॅमिकमध्येही दोन प्रकार, फ्लो ड्रिव्हन आणि प्रेशर ड्रिव्हन. फ्लो ड्रिव्हन पटकन उभं राहतं, लिक्विडच्या लेव्हल लूपपुरतं ठीक, पण त्यात व्हॉल्व्हच्या पुढचं प्रेशर वाढलं तरी फ्लो सांगितला तेवढाच वाहतो, त्यामुळे गॅस, कॉम्प्रेसर, रिलीफ असेल तर प्रेशर ड्रिव्हनच घ्या, मग जागोजागी व्हॉल्व्ह, पंप टाकून प्रेशरचा हिशोब जुळवत बसायची तयारी ठेवा.

हात बसवायचा असेल तर डीडब्ल्यूसिम हा सिम्युलेटर फुकट आहे आणि त्यात डायनॅमिक मोडही आहे. कंट्रोलचा सराव करायला १९९३ चा टेनेसी ईस्टमन प्रॉब्लेम (सरावासाठी दिलेलं एका केमिकल प्लांटचं मॉडेल) घ्या, ४१ मेजरमेंट, १२ व्हॉल्व्ह वगैरे हलवायला, आणि कंट्रोल न लावता सोडला तर साधारण तासाभरात रिॲक्टरचं प्रेशर वाढून शटडाऊन होतो.