कंडेन्स्ड मिल्कचं चॉकलेट फज : दिवाळी ते मे

दिवाळीपासून आमच्याकडे हे फज, म्हणजे चॉकलेटची मऊ वडी, सारखं होतंय. आता मे सरत आलाय, म्हणजे थंडी आणि नागपूरचं ऊन दोन्हींत त्याची पारख झाली. कृती खरंच सोपी आहे. फक्त चॉकलेट नीट निवडावं लागतं आणि हवा बघून प्रमाण बदलावं लागतं.

मूळ प्रमाण असं: 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 350 ग्रॅम डार्क चॉकलेट, 30 ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ. जाड बुडाच्या गंजात अगदी मंद आचेवर सतत हलवत वितळवायचं, मिश्रण एकजीव होऊन चकाकलं की लगेच उतरवायचं. जास्त तापलं तर तूप सुटतं. बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतून 3-4 तास फ्रिजमध्ये ठेवलं की झालं. जुन्या पद्धतीत साखर, दूध आणि कोको 112 ते 116 अंशांपर्यंत शिजवून, निववून, मग घोटत बसावं लागतं. गोळीबंद पाक हाताला बसलेल्यांना ते जमेलही, पण इथे पाकच नाही, म्हणून रवाळपणाची धास्ती नाही.

चॉकलेट घेताना पाकिटामागचे घटक वाचाच. कोको बटर लिहिलेलं असेल तर घ्या. कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं कंपाऊंड चॉकलेट स्वस्त पडतं, उन्हाळ्यात टिकतंही बरं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. तो मला अजिबात चालत नाही. मिल्क चॉकलेट नकोच, फार गोड होतं. 55 टक्के कोकोचं डार्क मला सर्वांत आवडलं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं आणि इथे पारा 45 च्या घरात जातो. एप्रिलपासून मी चॉकलेट 400 ग्रॅम घेते, बटर पूर्ण वगळते. तरीही ताट बाहेर ठेवून गप्पा मारत बसायची सोय नाही, काढलं की वाढायचं. कोणाकडे न्यायचं असेल तर डब्यात खाली बर्फाची पिशवी हवीच. डिसेंबरात उलट, अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर सुरी चालत नाही. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली की वड्या सुरेख पडतात.

इतवारी बाजारातून आणलेले अक्रोड भाजून घातले, छान लागले. पण मन जिंकलं ते संत्र्याच्या सालीने! आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ न सोलता घट्ट धरून हलक्या हाताने किसायचं, फक्त नारिंगी भाग. पांढरा आला की कडू होतं. रस घालू नका, पाणी वाढून फज सेट होत नाही. संत्रा बर्फीत गोडवा पुढे असतो, इथे चॉकलेटच्या कडवटपणामुळे सालीचा वास वर येतो. हिवाळ्यात ताजी संत्री असताना हाच प्रकार करा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक वडी पुरते, त्यामुळे अगदी लहान कापा. खर्च पेढ्यांपेक्षा कमी येत नाही. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर चव जशीच्या तशी राहते.