पीसीओडी ९० दिवसात मुळासकट बरा, १२ हजार फक्त

मी नाशिकला जॉब करते, हातात १६ हजार येतात, त्यातले साडेपाच पीजीला. पाळी दोन-दोन महिने गायब, हनुवटीवर केस, मानेवर काळा पट्टा (आई म्हणायची मान घासत जा नीट). पीसीओडी निघालं, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम नीट होत नाही तो आजार, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पण रात्री इन्स्टावर '९० दिवसात मुळासकट बरा' म्हणणाऱ्या एका 'हार्मोन कोच' ताईंचे रील बघत बसायचे, तिथंच घात झाला.

किट १२ हजाराचं, तीन हप्ते. पैसे भरले की व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात रोज कुणाची तरी 'ताई माझी पाळी आली' चे स्क्रीनशॉट. ताई म्हणाल्या गोळ्या बंद कर, मी केल्या. पिंपल्स वाढले तर म्हणे डिटॉक्स चालूय. पाळी येईना तर गर्भाशय आराम करतंय. अडीच महिन्यांनी आली ती सतरा दिवस थांबेचना, चक्कर यायला लागली, तरी ताईंचं तेच, साचलेलं निघतंय गं, घाबरू नकोस. म्हणजे काहीही झालं तरी यांच्याकडे ते चांगलंच लक्षण!! आणि मी शिकलेली बाई, मान डोलवत होते.

शेवटी रूममेटनी ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ७.८. तिथल्या मॅडम ओरडल्या आधी, मग समजावलं, की अंडं सुटत नाही म्हणून पाळी लांबते, आत अस्तर जाड होत राहतं आणि मग असं एकदम जातं, त्यामुळे तीन महिने पाळी आली नाही तर गप्प बसायचं नाही, गोळी देऊन आणावी लागते. नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओडी ठरत नाही हे पण तिथंच कळलं, अनियमित पाळी, केस-पुरळ आणि सोनोग्राफी यातल्या दोन गोष्टी तरी लागतात, शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) बघायचं कारण त्यांनी पण पाळी बिघडते. ग्लुकोज पाजून शुगर बघितली. हे सगळं फुकट, आरोग्य विभागाच्या दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचाराचे पैसे घेत नाहीत. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरवर देतात ती गोळी, जनऔषधीतनं घेते, अगदी स्वस्त पडते. मॅडम म्हणाल्या कायमचं जात नाही, ताब्यात राहतं, चार किलो उतरलीस तरी फरक पडेल. ९० दिवसाचं कुणी बोललंच नाही.

पाळीच्या, गर्भाशयाच्या आजारावर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, मला काय माहीत. पैसे परत मागितले तर पाच मिनिटात ग्रुपमधून काढलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार टाकलीय, अजून तरी काही नाही. पुराव्याला म्हणून डबा शोधला तेव्हा पहिल्यांदा मागचं बारीक इंग्रजी वाचलं: नॉट फॉर मेडिसिनल यूज.