ऑस्ट्रेलियाचा ४८२ व्हिसा पीआरसाठी घ्यावा का?

कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर ऑस्ट्रेलियात जायचं आणि तिथेच पीआर (कायमचा वास्तव्य परवाना) मिळवायचा, तर नेहमीची वाट ही: आधी तात्पुरता ४८२ व्हिसा, दोन वर्षांनी पीआरचा १८६. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ही वाट अमेरिकेच्या एच-वन-बीपेक्षा कितीतरी बरी आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डांना देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मदेशावरून अशी रांग लागत नाही. तिथल्या २०२५-२६ च्या १,८५,००० पीआर जागांपैकी ४४,००० कंपनी-स्पॉन्सर्ड गटासाठी ठेवल्या गेल्या. पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ४८२ मिळाला म्हणजे पीआर ठरला, असं होत नाही. दोन वर्षांनी कंपनीला तुमच्यासाठी नव्याने नॉमिनेशन (या जागेसाठी हाच माणूस हवा, असा सरकारकडे अर्ज) भरावं लागतं, आणि ते भरायची सक्ती तिच्यावर कुठल्याच कायद्याने नाही.

७ डिसेंबर २०२४ पासून ४८२ चं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं आणि तो पूर्वीपेक्षा निश्चितच सुधारला. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एकावर आली, मात्र तो गेल्या पाच वर्षांतला आणि त्याच किंवा संबंधित कामाचा हवा. बहुतेक लोक यातल्या ‘कोअर स्किल्स’ प्रकारात बसतात. त्यासाठी ४५६ व्यवसायांची यादी आहे. व्हिसा चार वर्षांपर्यंतचा मिळतो. टप्पे तीन: कंपनीला स्पॉन्सर म्हणून मान्यता (ती पाच वर्षं चालते), मग त्या जागेचं नॉमिनेशन, मग तुमचा अर्ज. नॉमिनेशनआधी कंपनीला ती जागा ऑस्ट्रेलियात किमान २८ दिवस जाहिरातीत ठेवावी लागते. कंपनी ‘लगेच भरतो’ म्हणत असेल, तर जाहिरात कधी दिली एवढं विचारा. उत्तरावरून तयारी किती आहे ते कळतं.

सगळ्यात जास्त घोळ पगारात होतो. २०२५-२६ साठी (१ जुलै २०२५ पासून) कोअर स्किल्सचा किमान पगार वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर ठरला, आणि त्यात सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखी निवृत्तीची रक्कम, धरली जात नाही. ऑफर लेटरवर ‘८०,००० पॅकेज, सुपरसह’ असं लिहिलं असेल तर १२ टक्के सुपर वेगळा काढल्यावर मूळ पगार ७१,४२९ च्या आसपास उरतो, आणि तेवढ्यावर नॉमिनेशन फेटाळलं जातं. सुपरसह आकडा निदान ८५,७०० च्या घरात हवा. शिवाय त्याच कामाला तिथल्या माणसाला जास्त पगार मिळत असेल, तर तुम्हालाही तेवढाच द्यावा लागतो. किमान आकडा गाठला म्हणून भागत नाही.

आता दोन वर्षांचा हिशेब. १८६ च्या ‘टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन’ प्रकारात अर्ज करताना गेल्या तीन वर्षांत दोन वर्षं पूर्णवेळ काम मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे झालेलं लागतं. पूर्वी ती दोन्ही वर्षं एकाच कंपनीत काढावी लागत. आता स्पॉन्सर बदलला तरी आधीचा काळ वाया जात नाही, आणि आमच्या मते नव्या नियमांतली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे. पगारी रजा मोजली जाते. बिनपगारी रजा मात्र धरत नाहीत, म्हणून गावी तीन महिने बिनपगारी राहून आलात तर २४ महिन्यांचे २७ झाले असं समजा.

बढतीतही धोका असतो. व्यवसायाला सहा आकडी कोड असतो आणि त्यातले पहिले चार आकडे शेवटपर्यंत तेच राहावे लागतात. डेव्हलपर प्रोग्रॅमर २६१३१२ आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर २६१३१३, दोघंही २६१३ गटातले. पण आयसीटी प्रोजेक्ट मॅनेजर १३५११२, म्हणजे गटच निराळा. अशी बढती घेतली तर नवं नॉमिनेशन, नवा व्हिसा, आणि दोन वर्षं पहिल्यापासून. प्रत्यक्ष काम आणि कोड यांचा मेळ नसेल तरीही अर्ज अडकतो, कारण अधिकारी कामाचं वर्णन वाचतात, नुसतं पदनाम बघत नाहीत. नॉमिनेशनची प्रत पहिल्याच महिन्यात मागून ठेवा आणि पेस्लिपा दर महिन्याला जपा.

इंग्रजीत ४८२ ला आयईएलटीएसमध्ये प्रत्येक विभागात ५ पुरतात, १८६ ला प्रत्येकात ६ लागतात. निकाल तीन वर्षं चालतो, म्हणून सुरुवातीलाच चारही विभागांत ६ काढून घेतले तर वेळेत केलेल्या १८६ अर्जाला तोच निकाल कामी येऊ शकतो. बहुतेकांचं गाडं लेखनात अडतं, तेव्हा तयारी तिथून सुरू करा. घरून दिलेली ऑनलाइन परीक्षा चालत नाही. वय १८६ चा अर्ज भरायच्या दिवशी ४५ च्या आत हवं. फार मोठ्या पगाराला सूट आहे, पण तिच्या भरवशावर बेत आखू नका. बेचाळिशी ओलांडून ४८२ घेणाऱ्याने तारखा कागदावर मांडून बघाव्यात.

पैशांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. स्पॉन्सरशिप, नॉमिनेशन आणि ट्रेनिंग लेव्ही (सरकारने स्पॉन्सर कंपनीवर बसवलेलं शुल्क) हा खर्च कंपनीचा. लेव्ही ४८२ साठी वर्षाला १,२०० किंवा १,८०० डॉलर, १८६ साठी एकरकमी ३,००० किंवा ५,०००. कुठला दर ते कंपनीच्या उलाढालीवर ठरतं. हे पैसे तुमच्या पगारातून कापणं किंवा तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. तुमच्या वाट्याला व्हिसाची फी येऊ शकते. पुण्या-मुंबईत कुणी लाखो रुपये घेऊन ‘स्पॉन्सरशिप मिळवून देतो’ म्हणत असेल तर सरळ उठून या. डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं हा तिथे गुन्हा आहे, आणि देणाऱ्याचाही व्हिसा रद्द होऊ शकतो. सल्लागार घ्यायचाच तर त्याचा ओमाराचा (व्हिसा सल्लागारांची नोंदणी करणारी तिथली सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक सरकारी यादीत स्वतः तपासा.

कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी: जोडीदाराला पूर्णवेळ काम करता येतं, ही मोठी जमेची बाजू. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मात्र भारतीयांना ४८२ वर मिळत नाही, खाजगी विमा काढावाच लागतो. १८६ चा अर्ज भरल्यावर मेडिकेअरसाठी नाव नोंदवता येतं. न्यू साउथ वेल्समध्ये मुलांना सरकारी शाळेतही फी पडते, तेव्हा सिडनीची ऑफर तोलताना ती वजा करून बघा.

नोकरी गेली तर सलग १८० दिवस, आणि संपूर्ण व्हिसाकाळात मिळून ३६५ दिवस, नवा स्पॉन्सर शोधायला मिळतात. पूर्वी हे ६० दिवस होते. या मुदतीत दुसरीकडे काम करता येतं, पण स्पॉन्सर नसलेल्या ठिकाणचं काम पीआरच्या दोन वर्षांत धरलं जात नाही.

कंपनीकडून लेखी काय घ्यावं? ‘पीआरसाठी सहकार्य करू’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘दोन वर्षं पूर्ण झाल्यावर इतक्या आठवड्यांत १८६ चं नॉमिनेशन भरू, त्याचा खर्च आमचा’ असं मागा. कंपनी तेवढं लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरी ऑफर शोधत राहा. नव्या नियमांनी निदान तेवढी मोकळीक दिली आहे.

१८६ चा अर्ज ऑस्ट्रेलियातून भरला की निकाल लागेपर्यंत राहू देणारा ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो आणि ४८२ संपल्यावर तो लागू होतो. तो लागू असताना देश सोडला तर परत यायची परवानगी राहत नाही. लग्नकार्यासाठी भारतात यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्या.