नवा ड्रायव्हर की कोचची फी?

गोल्फला लागून वर्षभर झालं की बहुतेकांना एक शंका छळायला लागते: चेंडू उजवीकडे पळतोय तो माझ्यामुळे नाही, या ड्रायव्हरमुळे, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबमुळे. दुकानात चकचकीत नवा ड्रायव्हर 50 हजारांच्या आसपास दिसतो. तेवढ्या पैशांत कोचकडे बरेच दिवस जाता येतं, जुने आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचे धातूच्या पात्याचे क्लब, आपल्या मापाचे करून घेता येतात, वर हातात धरायच्या नव्या ग्रिपही बसतात. मग काय घ्यावं?

ड्रायव्हरपासून सुरू करू, कारण सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. त्याला नियमांनीच वेसण घातली आहे. डोकं 460 घन सेंटीमीटरच्या वर चालत नाही, आणि फेसवरून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरून, चेंडू किती उसळावा यालाही मर्यादा आहे. 2008 पासून ती जगभर सगळ्यांना लागू आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हरही त्या मर्यादेला टेकलेलाच असतो. मधोमध बसलेल्या फटक्यात नवा त्याच्यापुढे मोजकेच यार्ड टाकतो. नव्याची खरी कमाई चुकलेल्या फटक्यात आहे. चेंडू डोक्याच्या टोकाला किंवा टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) लागला तरी डोकं कमी फिरतं आणि नुकसान थोडं कमी होतं. नवशिक्याला हे उपयोगी आहे, यात वाद नाही. पण फेस उघडा ठेवून आडवा स्विंग मारणाऱ्याचा स्लाइस, म्हणजे चेंडूचं ते उजवीकडे वळणं, त्यानं जात नाही, फार तर झाकला जातो.

पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेचं उदाहरण मग हमखास पुढे येतं. तिथे 1980 साली सरासरी ड्राइव्ह 257 यार्डांच्या आसपास होता, आता 300 च्या जवळ आहे. खरं आहे, पण त्यात चेंडू, व्यायाम आणि मैदानाची निगा यांचाही वाटा आहे, आणि त्या मंडळींच्या क्लबचा वेग ताशी 115 मैलांच्या घरात असतो. वेगात एका मैलाची भर पडली की साधारण अडीच यार्ड मिळतात, तेही चेंडू मधोमध लागला तर. ते मधोमध लागणं कोच शिकवतो.

आणि साधा हिशेब बघा. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवायच्या, नेहमीच्या 18 होलच्या कोर्सवर चार होल पार-3, म्हणजे तीन फटक्यांचे छोटे असतात, म्हणजे ड्रायव्हर जास्तीत जास्त 14 वेळा बाहेर निघतो. प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलात घालवायचे दोन फटके (पट) धरले तर त्यासाठीचा क्लब, पटर, 36 वेळा. टायगर वूड्सनं आपल्या 15 पैकी 14 मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, एकाच पटरनं जिंकल्या. आपण मात्र दिवाळीला ड्रायव्हर बदलतो आणि पटिंगचा सराव पाच मिनिटांत उरकतो.

आयर्नचं प्रकरण वेगळं आहे. इथे साहित्याचा फरक पडतो, पण तो नवेपणाचा नाही, मापाचा. मला मामांचा सेट मिळाला होता. मामा सहा फुटी, मी पाच-पाच. चेंडू सतत डावीकडे जायचा आणि मी सहा महिने उभं राहायची पद्धत बदलत बसलो. शेवटी क्लब मापाचे करून देणाऱ्या एका फिटरनं क्लबच्या तळाला टेप चिकटवून प्लॅस्टिकच्या पाटावरून चेंडू मारायला लावले. टेपवरचा ओरखडा टाचेकडे उमटला. म्हणजे क्लबचं टोक वर राहत होतं, आणि तसं झालं की उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडेच जाणार. त्यानं क्लब दोन अंश वाकवले, शाफ्ट (दांडे) थोडे कापले. डोकं फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) होतं म्हणून जमलं; कास्ट (ओतीव) असेल तर वाकवताना मोडायची भीती असते, जुना सेट घेताना हे विचारून घ्या. शाफ्टचंही तसंच. स्विंग सावकाश असेल तर स्टिफ स्टीलपेक्षा हलका, लवचीक शाफ्ट सोसतो. ज्येष्ठांना आणि बऱ्याच स्त्रियांना हा बदल कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा जास्त देतो.

ग्रिपकडे कोणी बघत नाही. मुंबईचा घाम आणि पुण्याचा पावसाळा, दोन्हींत गुळगुळीत झालेली ग्रिप निसटते, मग मूठ आवळली जाते आणि मनगट लाकडासारखं होतं. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. चेंडूचं सांगायचं तर प्रत्येक राउंडला तीन-चार झाडीत हरवत असतील तोवर महागडा, युरेथेनच्या आवरणाचा घेऊ नका.

साहित्याशिवाय किती भागतं? चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीत कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहण्याचं, काम करणारी मुलं वाकवलेल्या लोखंडी सळईनं प्लॅस्टिकचा चेंडू गल्लीबोळांतून अचूक नेतात. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकली. हात आधी तयार होतो.

तेव्हा हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) विसाच्या पुढे असेल तर पैसे कोच, फिटिंग आणि ग्रिप याच क्रमानं घालावेत, असं माझं मत. तुमचा ड्रायव्हर लाकडी किंवा जुन्या काळचा लहान डोक्याचा असेल, तर मात्र तो बदलाच. चार-पाच वर्षं वापरलेला चालेल. हँडिकॅप एक आकडी असेल, फटका नेमानं एकाच जागी बसत असेल, तर लाँच मॉनिटर या फटका मोजणाऱ्या यंत्रावर जुना आणि नवा, दोन्ही ड्रायव्हर मारून बघा. तिथे दहा यार्डांचा फरक दिसला तर खुशाल घ्या.

मी स्वतः या ऑक्टोबरात नवा ड्रायव्हर घेणार आहे. आकडे बघून नाही, निळा रंग आवडला म्हणून.