लहान कॉलेजात एक वर्ष: ‘वैयक्तिक लक्ष’ नेमकं कशावर होतं

आधी निकाल सांगतो. घराजवळ राहून डिग्री पूर्ण करायची एवढंच ज्यांचं गणित आहे, त्यांना हे कॉलेज चालून जाईल. मला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनिअरिंग) शिकायची होती, म्हणून पहिलं वर्ष काढून मी नाशिकला आलो. कॉलेज नगर जिल्ह्यातलं, पुणे विद्यापीठाशी संलग्न, हायवेपासून आत उसाच्या पट्ट्यात. नाव लिहीत नाही. माझे मित्र अजून तिथेच आहेत आणि त्यांचं टर्म वर्क, म्हणजे कॉलेजने द्यायचे मार्क, तिथल्याच सरांच्या हातात आहे.

२०२३ ला कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) तिसऱ्या राऊंडमध्ये नंबर लागला. अ‍ॅडमिशनच्या वेळी एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली गेली: शहरातल्या कॉलेजसारखी गर्दी नाही, प्रत्येक मुलावर वैयक्तिक लक्ष. हे खोटं नव्हतं बरं का. पहिलं लेक्चर बुडवलं की दुपारच्या आत पप्पांच्या मोबाईलवर मेसेज. दाढी वाढली, आयकार्ड गळ्यात नाही, फीचा हप्ता राहिला, सगळं लक्षात ठेवणारी माणसं होती. मेकॅनिक्स कोण शिकवणार, हे तेवढं कुणाच्या लक्षात नव्हतं.

आम्हाला विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यासक्रम, म्हणजे २०१९ पॅटर्न. त्यात इन-सेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, ३० मार्कांची, पहिल्या दोन युनिटवर. एंड-सेम ७० ची, उरलेल्या चार युनिटवर. आमचे मेकॅनिक्सचे सर इन-सेम झाल्यावर सोडून गेले. पगार थकल्याची चर्चा होती, खरं-खोटं त्यांनाच माहीत. त्यांच्या जागी ग्राफिक्सचे (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे) सर आले. ते बिचारे गाइडमधली सोडवलेली उदाहरणं फळ्यावर उतरवायचे आणि कुणी मधेच ‘फ्रिक्शनची दिशा अशी का?’ विचारलं की म्हणायचे, ‘परीक्षेला असंच येतं.’ म्हणजे ७० मार्कांचा भाग आम्ही यूट्यूबवर केला. पास झालो. मेकॅनिक्स आलं असं म्हणता येणार नाही.

वर्कशॉप मात्र खरोखर चांगलं होतं. पोरं कमी, त्यामुळे फिटिंगला प्रत्येकाला स्वतःचा व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा), आणि तिथले इन्स्ट्रक्टर काका जॉब काटकोनात बसेपर्यंत सोडत नसत. नाशिकच्या मित्रांनी एका जॉबवर चौघांनी मिळून सह्या घेतल्यात. लहान असण्याचा फायदा घेता येतो, हे त्या एका शेडमध्ये दिसत होतं.

बाकी ठिकाणी लहान म्हणजे रिकामं. आमच्या शाखेची मंजूर क्षमता ६०, वर्गात बसायचो त्याच्या निम्मेही नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) निकषाप्रमाणे २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक लागतो. वेबसाइटवरच्या मॅन्डेटरी डिस्क्लोजरमध्ये (सक्तीने जाहीर करायच्या माहितीत) शिक्षकांची यादी भरगच्च होती, त्यातली काही नावं मला फक्त तपासणीची कमिटी आली त्या दिवशी माणसांच्या रूपात दिसली. पण शिक्षकांपेक्षाही मला सीनियर नसणं जास्त नडलं. टीईचा (तिसऱ्या वर्षाचा) वर्ग मूठभर, बीईवाले (शेवटच्या वर्षाचे) प्रोजेक्टच्या नावाखाली पुण्यात. कुठली इंटर्नशिप घ्यावी, प्रोजेक्टसाठी आर्डुइनो बोर्ड कुठून मागवावं, गेटच्या (एमटेकच्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीला कधी लागावं, असले प्रश्न विचारायला माणूसच नाही. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे चेहरे कोणत्या वर्षाचे, ते ऑफिसलाही सांगता येत नव्हतं. फ्लेक्सवर नॅकची ग्रेड मोठ्या अक्षरात होती. नॅकचं मानांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएचं त्या त्या शाखेचं. आमच्या शाखेला एनबीए नव्हतं, आणि हे अ‍ॅडमिशनच्या वेळी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

बदलीचं ठरवलं तेव्हा पप्पांचं म्हणणं, ‘पडून राहा, डिग्री विद्यापीठाचीच मिळणार आहे.’ मामांनी बाजू घेतली, म्हणून जमलं. विद्यापीठ तेच ठेवलं, कारण सिलॅबस तोच राहतो आणि मायग्रेशनच्या दाखल्याची भानगड नाही. शिवाय २०२४ ला नवीन पॅटर्न आला होता. एक वर्ष मागे पडलो असतो तर नव्या पॅटर्नच्या मुलांबरोबर बसावं लागलं असतं. त्यामुळे सगळे विषय पहिल्या झटक्यात काढणं भाग होतं.

बदलीसाठी, ज्या कॉलेजात जायचं तिथे त्याच शाखेत सेकंड इयरला जागा रिकामी हवी, दोन्हीकडची एनओसी (ना-हरकत पत्र) हवी, वर विद्यापीठाची मान्यता. जागेची चौकशी लवकर करा, कारण डिप्लोमाची मुलं थेट सेकंड इयरला येतात आणि रिकाम्या जागांवर तीही असतात. नवं कॉलेज ‘घेऊ’ म्हणालं. अडलं ते जुन्याकडे. क्लार्क म्हणाला, उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मग एनओसी. तोंडी. आम्ही तेच लेखी मागितलं, आमचा अर्ज आवक विभागात देऊन पोच घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यात तीन वर्षांचा विषय आपोआप मिटला. प्रिन्सिपॉल सरांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि ‘तुझ्यासारखी मुलं गेली तर कॉलेजचं काय’ म्हणाले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माझ्या जाण्याने तो वर्ग आणखी एकाने कमी झालाच.

नाशिकला सगळं आलबेल आहे असं नाही. कॉट बेसिसवर खोली, मेसची भाजी पातळ, वर्गात शेवटच्या बाकावरून फळा अर्धाच दिसतो आणि अर्ध्या सरांना माझं नाव माहीत नाही. गैरहजर राहिलो तर घरी मेसेज जात नाही. पण डिजिटल सर्किट्सची लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असते, टीईचे दोघं तिथेच सोल्डरिंग करत बसलेले असतात, आणि माझ्या सर्किटमधला काउंटर का चुकतोय विचारलं की शिव्या घालत का होईना, सांगतात.

असल्या लहान कॉलेजात अ‍ॅडमिशन घ्यायच्या विचारात असाल तर ऑफिसात जाण्याआधी कॅन्टीनला जा आणि एसईच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना विचारा, गेल्या सेमला कोणत्या विषयाचे सर बदलले. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांची) स्कॉलरशिप असेल तर कॉलेज बदलण्याआधी नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला भेटून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाचं काय करायचं ते समजून घ्या. मला तिथे बऱ्याच चकरा पडल्या. जुन्या कॉलेजातली अनामत रक्कम अजून परत मिळालेली नाही. फोन केला की अकाउंटंट सुट्टीवर असतो.